आटत चाललेली यादी

ज्या सकाळी सिद्रामप्पा कलशेट्टी बाथरूमच्या उंबऱ्यावर कोसळले, त्या सकाळी त्यांच्या दंडावरची टिकली हिरवी होती.

त्यांची सून राजेश्वरी धावत आली तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, उजवं मनगट डाव्या हातात धरून. पाय घसरला नव्हता, चक्करही आली नव्हती. उंबरा ओलांडायला पाय उचलला आणि तो पुरेसा वर गेलाच नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. राजेश्वरीनं आधी त्यांच्या दंडावरची टिकली पाहिली आणि मग मनगट. या क्रमाची तिला पुढे बरेच दिवस लाज वाटत राहिली.

टिकली हे नाव लोकांनी दिलेलं. कंपनीच्या कागदांवर तिचं नाव लांबलचक होतं, पण २०४३ सालच्या सोलापुरात ते कुणी उच्चारत नसे. रुपयाच्या नाण्याएवढी चकती दंडावर चिकटवायची. तिच्या पोटाला केसाहून बारीक सुया होत्या. कातडीखालच्या द्रवातली साखर, चरबी आणि आणखी सात-आठ घटक त्या दर दोन मिनिटांनी मोजत. सगळं ताळ्यावर असलं की टिकली हिरवी, साखर उसळली की लाल. जेवणानंतर साखर किती चढली, किती वेळात खाली आली, हे सगळं घरातल्या रांधणीला कळत असे. रांधणी म्हणजे फ्रीजच्या उंचीचं, चार कप्प्यांचं स्वयंपाकाचं यंत्र. आठवड्यातून दोनदा तिच्यात धान्य, डाळी, भाज्या भरायच्या. पुढचं ती बघत असे. प्रत्येकाचं जेवण निराळं आणि प्रत्येकाची वेळही निराळी. ज्याला जे सोसतं ते त्याच्या कप्प्यात, आणि जे खाल्ल्यावर साखर उसळते ते त्याच्या यादीतून बाद.

यामागचा शोध खोटा नव्हता. एकच ज्वारीची भाकरी चार माणसांच्या रक्तात चार तऱ्हांनी वागते, हे शास्त्रज्ञांनी केव्हाच दाखवून दिलं होतं. एकाची साखर जराशी हलते, दुसऱ्याची दुप्पट होते. तेव्हा सगळ्या घरासाठी एकच स्वयंपाक कशाला करायचा, हा प्रश्न रास्त वाटत होता.

कलशेट्टींच्या घरात टिकली आली ती भीतीपोटी. राजेश्वरीचा नवरा मल्लिनाथ टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागांवर देखरेख करायचा. त्याचा थोरला भाऊ बसवराज त्याच कारखान्यात, शेजारच्या खुर्चीत. चव्वेचाळिसाव्या वर्षी, दुपारचा चहा हातात असताना, बसवराज बसल्या जागी गेला. मधुमेह होता आणि त्याला तो ठाऊक नव्हता. पंधरा दिवसांनी मल्लिनाथनं स्वतःची तपासणी करून घेतली. साखर तीनशे बारा. त्यानं टिकली लावली, रांधणी आणली, आणि आठ महिन्यांत त्याची साखर ताळ्यावर आली. डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्या. मग त्यानं वडिलांना, बायकोला आणि तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या लेकीला, शांभवीला, टिकल्या लावल्या. त्या दिवसापासून चार वर्षं घरात कुणाची टिकली लाल झाली नव्हती.

दवाखान्यात सिद्रामप्पांच्या, घरच्यांच्या अप्पांच्या, मनगटाला प्लास्टर घातलं. हाडाला बारीक चीर होती, ती भरून येणार होती. पण तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं, मांडीला टेप गुंडाळून माप घेतलं आणि जुने कागद मागितले. दोन वर्षांत वजन त्रेसष्टवरून एक्कावन्न किलोवर आलं होतं. मांडीचा स्नायू जवळजवळ वितळून गेला होता. हे जेवतात किती, असं त्यांनी विचारलं. राजेश्वरीनं मोबाइलवरची नोंद पुढे केली. रोजचं जेवण वेळेवर, ताट रिकामं, साखरेची रेघ सपाट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ताट रिकामं झालं हे कळलं, पण त्यातलं पोटात किती गेलं?

संध्याकाळी राजेश्वरी त्यांच्या पलंगाशी बसली तेव्हा अप्पांनी सांगितलं. त्यांची जेवणाची वेळ रांधणीनं सहाची ठरवली होती. त्या वेळी शांभवी शिकवणीला, मल्लिनाथ पाळीवर, राजेश्वरी शाळेच्या मैदानावर. कप्पा उघडायचा, ताट बाहेर यायचं. दोन-चार घास खाऊन ते उरलेलं गल्लीतल्या कुत्र्यांना घालत आणि ताट धुऊन परत ठेवत.

"भूक लागते गं पोरी," ते म्हणाले. "पण एकट्यापुढं ताट आलं की जाते."

टिकलीला यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. साखर चढली नाही म्हणजे जेवण उत्तम झालं, एवढंच तिला शिकवलेलं होतं. जो जेवलाच नाही त्याची साखर चढणार कुठून?

राजेश्वरी मुलींच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायची. अठरा वर्षांची नोकरी. कुठली मुलगी किती धावते, किती लांब उडी मारते, वर्षागणिक त्यात काय फरक पडतो, हे मोजून लिहून ठेवणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. अप्पांच्या देखभालीसाठी तिनं तीन दिवस रजा काढली आणि त्या तीन दिवसांत चार वर्षांच्या याद्या उघडून बसली. रांधणी दर महिन्याला प्रत्येकाला सोसणाऱ्या पदार्थांची यादी करत असे. आतापर्यंत ती कुणी वाचली नव्हती. वाचायची गरजच पडली नव्हती.

पहिल्या महिन्यात अप्पांच्या यादीत चौऱ्याहत्तर जिन्नस होते. आता सव्वीस. मल्लिनाथचे एकसष्टचे एकोणीस झाले होते. शांभवीचे ऐंशीचे बावीस. आणि कुणाचीच यादी एकदम आटली नव्हती. दर महिन्याला एखादी भाजी गळायची, एखादी डाळ गळायची. अंबाडी गेली, मग मटकी, मग शेपू, मग हुलगे. ज्या घरात कडक भाकरी आणि शेंगाचटणीशिवाय दिवस जात नसे, तिथे भाकरी आता फक्त अप्पांच्या यादीत उरली होती.

राजेश्वरीची स्वतःची यादी मात्र एकोणसत्तरवरून चोपन्नवरच थांबली होती. याचं कोडं तिला दिवसभर सुटेना. चौघांना एकच यंत्र, एकच घर. मग तिला शाळेतली मधली सुट्टी आठवली. मैदानाच्या कडेला मुली डबे उघडून बसायच्या आणि बाईंना घास दिल्याशिवाय सोडायच्या नाहीत. कुणाची घेवड्याची उसळ, कुणाचा चुक्याचा गरगटा, कुणाच्या घरची पेंडपाला. चार वर्षं रोज दुपारी तिनं यादीबाहेरचे चार-सहा घास खाल्ले होते, आणि घरी त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता.

मग तिला शांभवीची काळजी वाटू लागली. दोन महिन्यांपूर्वी शांभवी मैत्रिणीच्या भावाच्या लग्नाला गेली, तिथे पंगतीत बसून भाजी-आमटी जेवली आणि रात्रभर पोट धरून लोळली. तेव्हापासून ती यादीबाहेरच्या कशालाही हात लावत नव्हती. शाळेच्या सहलीला गेली नाही. वाढदिवसांना जाणं बंद केलं. चौदा वर्षांची मुलगी पाण्याचा घोट घेण्याआधीसुद्धा दंडाकडे बघायची.

राजेश्वरी याद्या घेऊन फरीदाकडे गेली. डॉ. फरीदा बागवान शाळेत तिच्यासोबत खो-खोच्या संघात होती. आता वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची आणि आतड्यातल्या जिवाणूंवर काम करायची. तिनं चारही याद्यांचे आलेख काढून शेजारी शेजारी लावले. मग फळ्यासमोर उभी राहून, विद्यार्थ्यांना समजावतात तसं, तिनं समजावलं.

भाजीचे, डाळीचे, भरड धान्याचे तंतू माणसाला पचवता येत नाहीत. ते काम आतड्यात राहणारे जिवाणू करतात. शेकडो जाती असतात आणि प्रत्येक जातीचं खाणं ठरलेलं. कुणी हुलग्याच्या सालीवर जगतं, कुणी अंबाडीच्या चिकटपणावर. ते खाऊन जिवाणू जी आम्लं तयार करतात, त्यांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं आणि जेवणानंतरच्या साखरेलाही लगाम बसतो. आता समजा एखाद्या दिवशी मटकीनं साखर थोडी जास्त चढली. झोप कमी झाली असेल, चालणं झालं नसेल, कारण काहीही असेल. यंत्रानं मटकी कमी केली. मटकीवर जगणारे जिवाणू उपाशी राहिले, घटले. पुढच्या वेळी मटकी पोटात गेली तेव्हा तिला सांभाळणारं कुणी नव्हतं. साखर आणखी चढली, पोट फुगलं. यंत्रानं मटकी कायमची बाद केली. असं एकेक करत चार वर्षं.

"यंत्र खोटं बोलत नाहीये, राजी," फरीदा म्हणाली. "ते म्हणतं शांभवीला अंबाडी सोसत नाही, तर आज ती खरंच सोसत नाही. पण अंबाडी न सोसण्याजोगी कुणी केली, हे त्याला कुणी विचारलेलं नाही."

हे उलटं फिरवता येईल का, असं राजेश्वरीनं विचारलं. फरीदानं खात्री दिली नाही. जे जिवाणू थोडे उरलेत ते खाणं मिळालं तर वाढतील. जे पार गेले ते बाहेरून यावे लागतील, आणि बाहेरून म्हणजे ताज्या भाजीवरून, मातीतून, आणि मुख्य म्हणजे एकमेकांकडून. एका घरात राहणारी, एकच अन्न खाणारी माणसं नकळत एकमेकांना जिवाणू देत असतात. तुमच्या घरात दार एक असलं तरी पोटांच्या दृष्टीनं तुम्ही चार घरांत राहताय. घाई केलीत तर पोटं बिघडतील. मल्लिनाथचा मधुमेह खरा आहे, त्याची टिकली काढायची नाही. आणि नुसतं खाऊन भागणार नाही. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाललं तर पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. हे बाराही महिने व्हायला हवं. ती दर तीन महिन्यांनी चौघांचे नमुने तपासून देईल.

याद्या अशा का आटल्या, असं राजेश्वरीनं कंपनीलाही लिहून विचारलं होतं. यंत्रणा ठरलेल्या निकषांप्रमाणे चालत आहे, असं नम्र उत्तर आलं.

मल्लिनाथला तिनं रविवारी सकाळी सांगितलं. आधी आकडे दाखवले, मग फरीदाचं म्हणणं, मग स्वतःचं ठरलेलं. रांधणी बंद करायची. एक वर्ष एकाच पातेल्यात शिजवायचं, चौघांनी एकाच वेळी बसायचं, आणि उठल्यावर चौघांनी चालायचं. तो शांतपणे ऐकत होता. अप्पांच्या बाबतीत चूक झाली, ते रोज सर्वांसोबत बसतील, हे त्यानं मान्य केलं. पण बाकीच्यांचं नीट चाललंय ते कशाला मोडायचं, असं त्याचं म्हणणं होतं. राजेश्वरीनं शांभवीचं नाव काढलं. तो म्हणाला, तिचे आकडे उत्तम आहेत. ती म्हणाली, अप्पांचेही होते.

तेव्हा त्याचा आवाज बदलला. "बसूअण्णाच्या हातातला कप मी काढून घेतलाय. चहा सांडला नव्हता, इतक्या चटकन गेला तो. तू मला त्या खुर्चीत बसायला सांगतेस."

भीती खोटी नव्हती आणि माणूसही हट्टी नव्हता. राजेश्वरी म्हणाली की तुमची टिकली राहील, दर आठवड्याला आकडे फरीदाला जातील, तिनं थांबा म्हटलं की मी थांबेन. "पण मी सुरू करणार. तुम्ही बसलात तर चौघं, नाहीतर तिघं."

तो बसला. मनापासून नाही, पण बसला.

फेब्रुवारीत सुरुवात झाली. पहिल्या आठवड्यात, ज्याला जे सोसत होतं त्याच्या जोडीला, नवं म्हणून नुसतं मुगाचं वरण, दोन दोन चमचे. मग अप्पांखेरीज बाकीच्यांना भाकरीचा चतकोर, मग चार दाणे मटकीचे. शांभवी घास तोंडात धरून रडायची. राजेश्वरी तिला रागावली नाही आणि घासही परत घेतला नाही. एवढा खा, बाकीचा राहू दे, इतकंच म्हणायची. पोटं फुगली, गुरगुरली. राजेश्वरी सोडून तिघांच्या टिकल्या दिवसातून दोन-तीनदा लाल व्हायच्या आणि किणकिणायच्या. राजेश्वरी वहीत लिहायची: काय खाल्लं, किती, कधी चाललो, किती झोपलो. अप्पांच्या जेवणाचं मात्र तिला काही करावं लागलं नाही. पहिल्याच आठवड्यात ते अर्धी भाकरी जास्त मागायला लागले. त्यांना तिनं खुर्चीतून उठ-बस करायला लावली, आधी पाच वेळा, हाताचा आधार घेऊन. प्लास्टर निघाल्यावर पाण्यानं भरलेले तांबे उचलायला दिले. मैदानावर ती मुलींशी बोलते त्याच आवाजात ती सासऱ्यांशी बोलायला लागली, आणि ते कुरकुर न करता ऐकायला लागले.

मार्चअखेर ऊन तापलं. सोलापूरचा पारा चव्वेचाळिसाला टेकला. संध्याकाळी सातलासुद्धा रस्त्याची वाफ अंगावर यायची. पहाटे पाचला तळ्याकाठी फिरून येणं जमत होतं, पण जेवणानंतरचं चालणं कमी होत होत मे महिन्यात पार सुटलं. राजेश्वरीला ते सुटलेलं दिसत होतं, तरी तिनं आठ दिवस जाऊ दिले. त्यातच शांभवीचा वाढदिवस आला. आमरस झाला. मल्लिनाथनं एकच वाटी घेतली आणि दुपारच्या पाळीला गेला. तिथे खुर्चीत बसल्या बसल्या त्याची टिकली लाल झाली आणि किणकिणत राहिली. दोनशे अडुसष्ट. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यानं ती दुपार काढली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून रांधणीची घरघर ऐकू आली. मल्लिनाथचा एकट्याचा कप्पा चालू होता. ताट घेऊन तो बाहेरच्या खोलीत जाऊन जेवला.

राजेश्वरीनं भांडण काढलं नाही. अठरा वर्षं शिकवत असलेली गोष्ट तिनं स्वतःच्या घरात आठ दिवस सुटू दिली होती, हे तिला कळत होतं. तिनं शाळेतून लेझमींची जोडी आणली. जेवणं झाली की दिवाणखान्यातलं टेबल भिंतीला सरकवायचं, पंखा पूर्ण सोडायचा आणि वीस मिनिटं लेझीम. अप्पा खुर्चीत बसून पायानं ठेका धरायचे. शांभवी सुरुवातीला लाजली, मग आईच्या चुका काढायला लागली. रोज जेवताना राजेश्वरी मल्लिनाथचंही पान घेत होती. ते रिकामं राहायचं, ती उचलून ठेवायची.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी पानं वाढून झाली तेव्हा शांभवी आपलं ताट घेऊन उठली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन वडिलांसमोर जमिनीवर बसली. तिच्या ताटात भाकरी होती आणि अंबाडीची भाजी होती. यादीतून गळल्यापासून अंबाडी ती पहिल्यांदाच पुरतं एक माप खाणार होती. मल्लिनाथ म्हणाला की आत आईजवळ बस. ती हलली नाही.

"पप्पा, मला पण भीती वाटते," ती म्हणाली. "रोज वाटते. पण एकटीनं घाबरत जेवण्यापेक्षा तुमच्याबरोबर घाबरत जेवलेलं बरं वाटतं."

आतून राजेश्वरीला हे ऐकू आलं. ती जागची उठली नाही. थोड्या वेळानं मल्लिनाथ एका हातात स्वतःचं आणि दुसऱ्या हातात लेकीचं ताट घेऊन आत आला आणि त्याच्यासाठी घेतलेल्या पानाशी बसला. ताटातलं रांधणीचंच होतं. त्यानं ते खाल्लं. पण शेवटी अंबाडीचा एक घास मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीनं फरीदाला विचारून त्याच्यापुरते नियम बदलले. पातेलं तेच, पण आधी काकडीची कोशिंबीर आणि डाळ, मग भाजी, शेवटी अर्धी भाकरी. भात नाही, आमरस नाही. आणि लेझमीची वीस मिनिटं चुकवायची नाहीत. तीन आठवड्यांनी त्याची जेवणानंतरची साखर एकशे सत्तरच्या आत राहायला लागली. रांधणी त्यानं स्वतःच बंद केली. वायर गुंडाळून मागे खोचून ठेवली.

पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, करडईची कोवळी पानं घरात आली. बाहेर चिखल असेल तेव्हा चौघं इमारतीचे जिने चढत. अप्पा एक मजला, मग दोन. ऑक्टोबरात शांभवी शाळेच्या धावण्याच्या संघात गेली आणि स्पर्धेच्या गावी, मुक्कामाला, तिथे जे वाढलं गेलं ते जेवून आली. तिथून तिनं फोनही केला नाही. राजेश्वरीनं मात्र दोन दिवस पाच मिनिटांआड फोन पाहिला होता. हिवाळ्यात अप्पांच्या मित्राच्या शेतावर चौघं हुरडा खायला गेले, आणि अप्पा ढेकळांतून काठी न घेता चालले.

सगळं सरळ मात्र झालं नाही. शेपू शांभवीला वर्षभर सोसलाच नाही. दिवाळीत मल्लिनाथची साखर पुन्हा चढली आणि चार दिवस घर तणावात होतं. दोनदा राजेश्वरी शाळेतून इतकी थकून आली की रांधणीची वायर परत लावावी, असं तिच्या मनात आलं. ती उठली, तिनं कुकर लावला. असे ते दिवस गेले.

पुढच्या फेब्रुवारीत चौघं फरीदाच्या खोलीत बसले होते. तिनं आलेख दाखवले. वर्षापूर्वी चौघांच्या आतड्यांतल्या जिवाणूंत फारसं काही समान उरलं नव्हतं. आता निम्म्याहून जास्त जाती चौघांत सारख्या सापडत होत्या. त्यांतल्या कितीतरी जाती वर्षापूर्वी फक्त राजेश्वरीच्या नमुन्यात होत्या. शांभवीच्या पोटातल्या जाती दीडपट झाल्या होत्या, आणि रक्तातलं लोहही वाढलं होतं. अप्पांचं वजन अठ्ठावन्न. खुर्चीतून हात न टेकता ते सलग बावीस वेळा उठले-बसले होते.

मग तिनं मल्लिनाथचा कागद काढला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. रांधणीवर असताना त्याच्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, टक्क्यांत मोजतात ती, सहा पूर्णांक चार होती. आता सहा पूर्णांक नऊ. जिवाणू सुधारले आहेत, कमरेचा घेर कमी झालाय, रक्तदाब चांगला आहे. पण साखरेचा हा आकडा यंत्राइतका खाली ठेवता आलेला नाही. त्याच्याकडे दोन रस्ते होते. पुन्हा यंत्राचं ताट, किंवा हेच जेवण आणि सोबत रोज एक गोळी. ती म्हणाली की दोन्ही सुरक्षित आहेत, निवड तुमची.

राजेश्वरीनं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते तिला फार जड गेलं. ज्या माणसाच्या गोळ्या बंद झाल्याचा घरात सण झाला होता, त्याच्यावर तिच्यामुळे पुन्हा गोळी घ्यायची वेळ आली होती. मल्लिनाथ कागदाकडे बघत राहिला. अप्पांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो त्यानं तसाच राहू दिला.

"गोळी लिहून द्या," तो शेवटी म्हणाला. "टिकली मी काढणार नाही. पण ताट वेगळं करायचं नाही."

फरीदानं गोळी लिहून दिली. मग तिनं राजेश्वरीला विचारलं की एका घराच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं वर्षभर करणारी तीस घरं मिळाली तर अभ्यास मांडता येईल, मिळतील का? राजेश्वरीनं मनातल्या मनात शाळेतल्या मुलींची हजेरी घेतली. शनिवारी पालकांची सभा आहे, ती म्हणाली. तीस मिळायला वेळ लागेल, कारण प्रत्येक घरात एक मल्लिनाथ असेल आणि त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्यावं लागेल. पण मिळतील.

बाहेर पडले तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. मल्लिनाथनं महाविद्यालयाच्या दवाखान्यातल्या औषधांच्या दुकानातून गोळ्या घेतल्या आणि खिशात टाकल्या. रिक्षावाल्यानं हाक मारली तेव्हा तो चालतच पुढे गेला, अप्पांच्या चालीनं. शांभवीला कडकडून भूक लागली होती. घरी जाऊन काय करणार आहेस, असं तिनं आईला विचारलं. राजेश्वरीनं काहीच ठरवलं नव्हतं.

"मंडईतून जाऊ," ती म्हणाली. "जे ताजं दिसेल ते."